वर्तमानपत्र कोणाच्या वर्गणीवर चालते?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाने मला विषय दिला आहे, 'इंटरनेटच्या युगात वर्तमानपत्रांचे काय होणार?' विषय गंभीर आहे, आरती नुकतीच झाली आहे आणि प्रसादाचा वास इथपर्यंत येतो आहे. तेव्हा फार लांबण लावणार नाही.

गणेशोत्सवाच्या मांडवात वर्तमानपत्राविषयी बोलणे हे तसे परंपरेला धरूनच आहे. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात सुरू झाला आणि १८९३ साली पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, तेव्हा लोकमान्यांनी केसरीतूनच त्याचा पुरस्कार केला. या दोन्ही गोष्टींच्या व्यवहारात एक शब्द समान आहे. तो म्हणजे वर्गणी. मंडळाची वर्गणी असते तशी वर्तमानपत्राचीही वर्गणी असते, आणि ती देणाऱ्याला आपण वर्गणीदार म्हणतो. आज मला जे सांगायचे आहे ते या एका शब्दाभोवतीच आहे.

सर्वसाधारण समज असा की, हल्लीची मुले पेपर वाचत नाहीत, सगळे मोबाईलवर बघतात, म्हणून वर्तमानपत्रे अडचणीत आली. हे अर्धेच खरे आहे. आपलेच उदाहरण घ्या. पूर्वी पुण्या-मुंबईचे मराठी वर्तमानपत्र इथे हातात पडायचे ते शिळे होऊन, डाकेने किंवा रेल्वेने. तरी आपण ते वाचायचो, शेजारच्या मराठी घरी द्यायचो, आणि अग्रलेखाचे कात्रण करून ठेवायचो. आज काचीगुड्यातल्या आजोबांना सकाळच्या चहाबरोबर लातूर, नांदेड, सोलापूर अशी हवी ती आवृत्ती मोबाईलवर मिळते. म्हणजे मराठी वर्तमानपत्राचा वाचक वाढला आहे. महाराष्ट्राबाहेरचा तर नक्कीच वाढला. वाचक वाढले आणि धंदा मात्र अडचणीत आला, असे का झाले? याचे उत्तर वाचनाच्या आवडीनिवडीत सापडणार नाही. ते जमाखर्चाच्या वहीत आहे.

आपण दारात येणाऱ्या पेपरला पाच-सात रुपये देतो. त्यातला मोठा वाटा एजंट आणि पेपरवाला यांच्या कमिशनचा असतो. उरलेल्या पैशात कागद आणि शाई यांचाही खर्च निघत नाही. बातमीदारांचे पगार, कार्यालय, छपाईयंत्र, पहाटेच्या गाड्या हे सगळे वेगळेच. शिवाय महिनाअखेर रद्दीवाला आपल्याला त्यातले काही पैसे परत देतो ते निराळे! मग पेपर चालायचा कसा? जाहिरातींवर. वाचकाने पेपर जवळजवळ फुकट वाचावा आणि त्याची किंमत जाहिरातदाराने चुकती करावी, अशी ही व्यवस्था आपल्याकडे अनेक दशके चालली. ती इतकी अंगवळणी पडली की, बातमी मिळवायला पैसे लागतात हेच आपण विसरून गेलो.

इंटरनेटने घाव घातला तो या जाहिरातींवर. त्यातही पहिला घाव छोट्या जाहिरातींवर. 'वधू पाहिजे', 'नोकर पाहिजे', 'घर भाड्याने देणे आहे' या दोन-तीन ओळींच्या जाहिराती दिसायला क्षुल्लक, पण त्यांचे उत्पन्न नेमाने यायचे. अमेरिकेत क्रेगलिस्ट नावाच्या साध्यासुध्या संकेतस्थळावर त्या फुकट छापल्या जाऊ लागल्या आणि तिथल्या शहरी वर्तमानपत्रांचा पायाच खचला. आपल्याकडे नोकरी डॉट कॉम १९९७ साली निघाले, त्याच सुमारास विवाहजुळणीची संकेतस्थळेही आली. पुढे गूगल आणि फेसबुक यांनी मोठ्या जाहिरातीही आपल्याकडे ओढल्या. कोणत्या गल्लीत राहणाऱ्या, किती वयाच्या माणसाला काय विकायचे हे त्यांना जितके नेमके कळते, तितके वर्तमानपत्राला कधीच कळणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि मग ही गोष्ट खेड्यापर्यंत पोचली.

पाश्चात्त्य देशांत याचे परिणाम आधी दिसले. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराचे 'रॉकी माउंटन न्यूज' हे वर्तमानपत्र फेब्रुवारी २००९ मध्ये बंद झाले. त्याची दीडशे वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम दोन महिने उरले होते. पुढच्याच महिन्यात सिअ‍ॅटलच्या 'पोस्ट-इंटेलिजन्सर'ने छपाई थांबवली आणि ते केवळ इंटरनेटवर उरले. इंग्लंडमध्ये 'इंडिपेंडंट'ने मार्च २०१६ मध्ये तोच मार्ग धरला.

जे तगले त्यांनी काय केले? 'न्यूयॉर्क टाइम्स'ची हकीकत बोलकी आहे. त्यांचे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले. २००५ मध्ये त्यांनी काही लेखांसाठी पैसे मागून पाहिले. प्रयोग साधला नाही, २००७ मध्ये गुंडाळला. तरी मार्च २०११ मध्ये त्यांनी पुन्हा धीर केला आणि महिन्याला ठराविक बातम्या फुकट, पुढे वाचायचे तर वर्गणी, असा नियम केला. तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. फुकट मिळणाऱ्या बातमीला पैसे कोण देईल? पण २०२३ साली त्यांच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटीच्या वर गेली. अर्थात हे सगळे वर्गणीदार राजकारण वाचायला येत नाहीत. कोणी पाककृतींसाठी येतो, कोणी शब्दकोड्यासाठी. २०२२ साली त्यांनी 'वर्डल' हा शब्दखेळ विकत घेतला तो याच हिशेबाने. आपल्याकडेही पेपर हातात पडल्यावर आधी राशिभविष्य आणि शब्दकोडे पाहणारे कमी नाहीत. त्यांच्या पैशावर युद्धभूमीवरचा बातमीदार पोसला जातो, एवढे लक्षात घेतले म्हणजे झाले.

लंडनच्या 'गार्डियन'ने दुसरी वाट धरली. त्यांनी दाराला कुलूप लावले नाही. बातमी सर्वांना खुली ठेवली आणि खाली एक विनंती लिहिली की, हे काम चालावे असे वाटत असेल तर यथाशक्ती मदत करा. २०१८ च्या अखेरीस त्यांनी जाहीर केले की, तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक वाचकांनी अशी मदत दिली. मित्रहो, याला आपण काय म्हणतो? आपले कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात. वर्गणी दिली नाही म्हणून कोणाला दर्शन नाकारले जात नाही. देणारे देतात म्हणून सगळ्यांचा उत्सव होतो. 'गार्डियन'ने नेमके हेच केले.

पण हे सारे मोठ्यांचे झाले. जगभर वाचक असलेल्या इंग्रजी पत्राला एक कोटी वर्गणीदार मिळू शकतात. एखाद्या जिल्ह्याच्या पत्राला ते कुठून मिळणार? अमेरिकेत २००५ पासून तीन हजारांहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली आणि त्यातली बहुतेक लहान गावांची साप्ताहिके होती. ओहायो राज्यातल्या यंगस्टाउन शहराचे 'व्हिंडिकेटर' ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडले तेव्हा त्याला दीडशे वर्षे झाली होती. अशा ठिकाणी पुढे काय होते याचा अभ्यास तिथल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी केला. त्यांना आढळले की, ज्या भागातले वर्तमानपत्र बंद पडले, तिथल्या नगरपालिकांना कर्ज अधिक व्याजाने घ्यावे लागू लागले. कारण साधे आहे. सभेला बातमीदार बसलेला नसेल तर कारभारावर कोणाची नजर राहत नाही, आणि ज्याच्यावर नजर नाही त्याला सावकारही जपूनच पैसे देतो. म्हणजे पेपरचे पाच रुपये वाचले, पण घरपट्टीतून ते कुठेतरी वसूल झालेच.

आता आपण राहतो त्या मुलखाकडे येतो. तेलुगू 'ईनाडू' १९७४ साली विशाखापट्टणमला सुरू झाले. त्याचे यश कशात होते? जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळी पाने काढली आणि मंडलामंडलात आपला बातमीदार नेमला. (इथले मंडल म्हणजे तालुक्याहून लहान महसुली भाग, आपले मंडळ नव्हे!) याचा उपयोग काय झाला ते १९९२ साली दिसले. नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरतेच्या वर्गात बसून अक्षरे गिरवता गिरवता गावातले अरकाचे, म्हणजे स्वस्त देशी दारूचे, दुकान बंद करायचे ठरवले. ती बातमी 'ईनाडू'ने उचलली आणि पुढे या आंदोलनासाठी जागाच राखून ठेवली. एका गावच्या बायकांचे धाडस दुसऱ्या गावच्या बायकांनी वाचले. चळवळ जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरली. ऑक्टोबर १९९३ मध्ये आंध्र प्रदेश सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. दिल्लीच्या कोणत्याही स्टुडिओत बसून दुबगुंटा दिसले नसते. ते दिसायला त्या भागात पाय असलेला माणूस लागतो, आणि त्या माणसाला मानधन लागते. मला या सगळ्या विषयात काळजी वाटते ती या माणसाची. कागद राहील की जाईल, याची तितकी नाही.

कागद गेला तरी बातमीदार राहू शकतो, याचेही उदाहरण आहे. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात २००२ साली ग्रामीण महिलांनी 'खबर लहरिया' हे पत्र सुरू केले. बातम्या आणणाऱ्या बायकाच, त्यातही दलित समाजातल्या अनेक. काही वर्षांनी त्यांनी छपाई थांबवली आणि मोबाईलवर चित्रण करून बातम्या देऊ लागल्या. माध्यम बदलले, पण गावात जाऊन विचारणारी बाई तीच राहिली.

भारतात छापील वर्तमानपत्र अजून पाय रोवून आहे हे मान्य केले पाहिजे. भारतीय भाषांतली साक्षरता वाढली, पहाटे घरपोच पेपर आणून देणारी माणसे आपल्याकडे आहेत, किंमतही कमी आहे. पण धक्के बसले आहेत. वर्तमानपत्राच्या आयात कागदावर २०१९ च्या अर्थसंकल्पात दहा टक्के सीमाशुल्क लागले, पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे कागदाचे भाव पुन्हा भडकले. त्याआधी २०२० ची टाळेबंदी. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने घरोघरी पेपर वाटण्यावरच बंदी घातली होती. अनेक घरांतला पेपर तेव्हा बंद झाला तो पुन्हा सुरू झालाच नाही. त्याच दिवसांत पेपरच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. पहाटे पाचला कोणीतरी दहा वर्तमानपत्रांचा गठ्ठाच गटावर टाकायचा आणि आपण त्याला नमस्काराचे चिन्ह पाठवायचो. 'दैनिक जागरण'ने याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि मे २०२० मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला अशा वाहिन्या काढून टाकण्याचा आदेश दिला.

काही देशांनी कायद्याचा मार्ग चोखाळला. बातम्यांवर गर्दी जमवून जाहिराती मिळवता, तर बातमीवाल्यांना त्यांचा वाटा द्या, असा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२१ साली केला. तो होऊ नये म्हणून फेसबुकने त्या फेब्रुवारीत सुमारे आठवडाभर तिथल्या बातम्याच बंद ठेवल्या होत्या. कॅनडाने २०२३ साली तसाच कायदा केला. गूगलने दरवर्षी दहा कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे कबूल केले, फेसबुकच्या मालक कंपनीने मात्र ऑगस्ट २०२३ पासून तिथे बातम्या दाखवणेच थांबवले. आपल्याकडे वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२४ पासून गूगलमध्ये काही शोधले की अनेकदा तयार उत्तरच वर दिसते. मूळ बातमीपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. आपल्या एएनआय वृत्तसंस्थेनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा केला. यंत्र उत्तर देते ते कोणीतरी आणलेल्या बातमीच्या आधारे. आणणाराच उरला नाही तर यंत्र तरी काय सांगणार?

कोणी म्हणेल, बातमी आता सगळेच देतात, वर्तमानपत्र कशाला हवे? इथे मला केसरीचीच एक जुनी गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. केसरी वर्षभराचाही झाला नव्हता तेव्हा कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर त्यात आला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती पत्रे पुढे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ साली त्यांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू प्रामाणिक होता, पण छापलेल्या शब्दाची किंमत त्यांना मोजावी लागली. छापील वर्तमानपत्रावर संपादकाचे नाव असते, पत्ता असतो. चुकले तर त्याला कोर्टात उभे करता येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'आला तसा पुढे पाठवला' म्हणणाऱ्याचा पत्ता कोणता? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठेचून मारले. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसे होती ती. दोन आठवडे झाले नाहीत तोच आपल्या या हैदराबादहून शेजारच्या बिदर जिल्ह्यात गेलेला एक तरुण अभियंता तशाच अफवेचा बळी ठरला. या दोन्ही घटनांच्या मधल्या दिवसांत, १० जुलैला, खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात हे लोकांना सांगण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने जाहिराती दिल्या. कुठे दिल्या? छापील वर्तमानपत्रांत, पानभर! लोक कशावर विश्वास ठेवतात हे त्या कंपनीला नीट ठाऊक होते.

वर्तमानपत्रांचे सगळे गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जाहिरातदारावर विसंबल्याचे पापही त्यांच्या माथी आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापली गेली. निरनिराळ्या पत्रांत शब्दाला शब्द तोच मजकूर आला. ते उघडकीला आणले पी. साईनाथ यांनी, 'द हिंदू'मधून. प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. वर्तमानपत्राची लबाडी दुसऱ्या वर्तमानपत्राने पकडली, हे त्यातल्या त्यात समाधान. पण ज्याचे पैसे त्याचे ऐकावे लागते, हा व्यवहार आहे. पैसे जाहिरातदाराचे तर कल त्याच्याकडे. सरकारी जाहिरातींवर पोट असेल तर लेखणी सरकारकडे पाहून चालणार. वाचकाने वर्गणी दिली तर निदान त्याच्याकडे पाहण्याचे कारण राहते. वर्गणीदारालाही खूश ठेवण्याचा मोह असतोच, पण तिथे मालक अनेक असतात आणि प्रत्येकाचा वाटा लहान असतो.

आपल्या मंडळाचेच पाहा ना. ही स्मरणिका जाहिरातींवर निघते, त्या देणाऱ्या सर्व व्यापारी बंधूंचे आभार मानलेच पाहिजेत. पण उद्या एकट्या जाहिरातदाराच्या पैशावर गणपती बसला, तर मूर्तीपेक्षा फलक मोठा झाल्याशिवाय राहणार नाही. तसे होत नाही याचे कारण आपले पावतीपुस्तक आहे. शंभराची पावती फाडणारा माणूसही वार्षिक सभेत उभा राहून हिशेब मागू शकतो. वर्तमानपत्रालाही असा हिशेब मागणारा वर्गणीदार हवा आहे. मराठी वर्तमानपत्राची सुरुवातही अशीच होती. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि मोजक्या वर्गणीदारांच्या आधारावर १८४० पर्यंत टिकले. वर्गणीदार थोडे होते, पण पत्र त्यांचे होते.

म्हणून माझी आपणा सर्वांना दोनच विनंत्या आहेत. पहिली, घरात एका तरी वर्तमानपत्राची वर्गणी पैसे देऊन भरा. छापील घ्या की मोबाईलवरचे, मराठी घ्या, तेलुगू घ्या, उर्दू घ्या, इंग्रजी घ्या. पण ज्याचा बातमीदार तुमच्या गावात फिरतो त्याला प्राधान्य द्या. आपण राहतो इथे, तेव्हा इथल्या नळाची, रस्त्याची, महापालिकेची बातमी आणणारा माणूस जगला पाहिजे. दुसरी, पहाटेचा तो पीडीएफचा गठ्ठा पुढे पाठवू नका. वर्गणी न देता प्रसादाच्या रांगेत दोनदा उभे राहणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे सांगायची गरज नाही.

प्रसादाचे नाव निघालेच आहे, तेव्हा आता थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!